सांबाल रे!

गोल्फचा चेंडू भलतीकडे निघाला की जगभरातले खेळाडू ‘फोर!’ असं ओरडतात. हॉलंडमधल्या ब्रेडा शहरातल्या आमच्या नगरपालिकेच्या मैदानावर मात्र लोक ‘सांबाल!’ असं ओरडतात. सांबाल म्हणजे इंडोनेशियाकडून इकडे आलेला मिरचीचा ठेचा. डच माणसाच्या फ्रिजच्या दारात दूध नसलं तरी चालतं, सांबालची बाटली लागते. मैदानावर नवा आलेला माणूस झाडांमागून येणारी ही ठेच्याची आरोळी ऐकून आधी गोंधळतो. मग त्याच्या कानाशेजारून चेंडू सूं करत जातो आणि त्याला अर्थ कळतो.

ही प्रथा ज्यांनी सुरू केली ते गृहस्थ मूळचे देगलूरचे. त्यांचं नाव सोनटक्के काका. आणि त्यांचं म्हणणं असं की त्यांनी आयुष्यात एकदाही ‘सांबाल’ म्हटलेलं नाही. ते म्हणतात, ‘सांभाळ रे!’ डच जिभेला भ झेपत नाही आणि ळ तर अजिबातच नाही, त्याला ते काय करणार?

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो सायकलवरून पडून. ब्रेडात येऊन मला दोन-तीन आठवडे झाले होते. एका माल वाहतुकीच्या कंपनीत संगणकाचं काम करायचो आणि रविवारी सायकल घेऊन उगाच हिंडायचो. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वडील करमाळ्याला कापडाच्या दुकानात कामाला. त्यामुळे कुठेही चांगली जागा दिसली की मी आधी पाटी शोधतो, आपल्याला आत जायची परवानगी आहे का ते बघतो. त्या दिवशीही मी एका मोठ्या हिरव्या मैदानाच्या कडेनं, जरा बिचकतच चाललो होतो. इतक्यात बीचच्या झाडांमागून कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, “सांभाळ रे!”

करमाळ्याहून इतक्या लांब, त्या ओल्या शांततेत, शुद्ध ळ! मी कुठे सांभाळतोय? आवाज कुठून आला ते बघायला वळलो आणि थेट खाजकुयलीसारख्या कुठल्याशा झुडपात गेलो. चेंडू माझ्या डोक्यावरून गेला. पडलो नसतो तर बहुतेक लागलाच असता.

झाडांमागून एक बुटके, टोपीवाले गृहस्थ धावत आले. उजव्या भुवईवर जुनी खूण. हातात गोल्फची काठी.

“लागलं का रे?”

“नाही. खाजतंय.”

“मराठी!” ते काठी टाकून माझा हात धरून म्हणाले. “अरे, मग सांभाळायचं ना! या लोकांना नाही कळत, पण तू तर भिडू आहेस!”

त्या क्षणापासून मी त्यांचा भिडू झालो. माझं नाव त्यांनी त्या दिवशी विचारलंच नाही.

सोनटक्के काका आयंडहोवनला चिपा बनवायच्या यंत्रांवर इंजिनियर म्हणून राबले आणि निवृत्त होऊन बसले. निवृत्तीनंतर त्यांनी एकच संशोधन केलं, ते म्हणजे गोल्फ हा मुळात विटीदांडू आहे. याबद्दल त्यांच्या मनात तसूभर शंका नाही. आपल्याकडे जमिनीत गल खणतात, त्यावर विटी आडवी ठेवतात आणि दांड्यानं उडवतात. या उडवण्याला कोलणे म्हणतात. आता बघा. हॉलंडमध्ये गोल्फच्या आधी एक खेळ होता, बर्फावर काठीनं चेंडू मारायचा. जुन्या चित्रांत तो दिसतो. त्या खेळाचं नाव काय? कोल्फ!

“कोल. कोल्फ.” काका टाळी देण्यासाठी हात पुढे करतात. “फ तेवढा यांचा. बाकी धातू आपला.”

यांची जहाजं आपल्या किनाऱ्यावर मिरी न्यायला आली, मिऱ्यांबरोबर कोलणेही घेऊन गेली, असा त्यांचा सिद्धांत. मी एकदा भीत भीत म्हणालो की काका, जहाजं यायच्या आधीपासून इथं तो खेळ होता म्हणतात. त्यावर त्यांनी माझ्याकडे अतिशय दयेनं पाहिलं. “तू परीक्षेपुरता अभ्यास केलेला मुलगा आहेस,” ते म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

ते मैदान नगरपालिकेचं आहे, हे ऐकून मला फार दिवस खरं वाटत नव्हतं. आमच्या गावी नगरपालिका म्हटलं की नळाला पाणी कधी येणार एवढाच प्रश्न. इथली नगरपालिका, म्हणजे यांची खेमेंटे, गावातल्या कुणाही माणसाला गोल्फ खेळू देते. सायकलच्या कॅरिअरला काठ्यांची पिशवी बांधून शिक्षक येतात, नर्स येतात, बेकरीवाला येतो. आधी थोडं शिकवतात, मैदानावर कसं वागायचं याची छोटी परीक्षा घेतात. मी पास झालो आणि हौसेनं वडिलांना फोन केला. म्हटलं, आणखी एक परीक्षा पास झालो. “कशाची?” वडिलांनी विचारलं. गोल्फची, म्हणालो. ते म्हणाले, “ते सायन्समध्ये येतं का कॉमर्समध्ये?”

मैदान शंभरेक वर्षांचं जुनं. युद्धात लोकांनी त्यात बटाटे लावले. नंतर कुणाला ते चढउतार नकोसे झाले. खळगे बुजवले, मधून वाहणारा चर बुजवला, आणि सगळं इस्त्री केल्यासारखं सपाट करून टाकलं. काका इथं आले तेव्हा ते तसंच सपाट होतं. मग काही वर्षांपूर्वी खेमेंटेला आपल्या आजोबांच्या काळची आठवण झाली. जुने फोटो काढले, खळगे परत खणले, चर परत वाहता केला, त्यावर एक लाकडी फळीचा पूल टाकला. हे चालू होतं तेव्हा काका रोज गमबूट घालून तिथं हजर. कुणी बोलावलं नव्हतं. माती वाहायला सगळे हात चालतात, असं मैदान सांभाळणारा विम म्हणाला आणि त्यानं त्यांना एक फावडं दिलं. विम म्हणजे दारातून वाकून आत येणारा, वाऱ्यानं लाल झालेला साठीचा माणूस. काकांचा इथला सगळ्यात जुना दोस्त.

दुरुस्तीआधी खेमेंटेनं नागरिकांची सभा घेतली होती. काका त्यात उठून उभे राहिले. मैदानाला मूळ रूप द्यायचंच असेल तर पहिल्या खेळपट्टीशेजारी एक गल खणावी, अशी त्यांनी डच भाषेत सूचना केली. कोलणे आणि कोल्फ यांचा संबंधही फळ्यावर लिहून दाखवला. अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, “इंटरेसांत.”

डच माणूस ‘इंटरेसांत’ म्हणाला की विषय संपला असं समजायचं असतं. काका घरी आनंदात आले. “इंटरेसांत म्हणाल्या! पटलं त्यांना!” पुढे मैदान उघडलं तेव्हा पहिल्या खेळपट्टीजवळ खरंच एक छोटा खड्डा होता. तो सशानं केलेला होता, हे विमला माहीत होतं, मला माहीत होतं आणि सशाला माहीत होतं. विमनं तो आजतागायत बुजवलेला नाही. काका रोज खेळायला सुरुवात करण्याआधी वाकून त्या खड्ड्याला हात लावतात आणि मोठ्यानं विचारतात, “राज्य कोणाचं?”

मग स्वतःच उत्तर देतात, “आपलं!”

आता त्यांच्या खेळाविषयी थोडं सांगायला हवं. थोडंच आहे. काकांचा चेंडू कुठे जाईल हे काकांना, चेंडूला किंवा हवामान खात्याला सांगता येत नाही. पण गुण मोजायची त्यांची एक पद्धत आहे. देगलूर तेलंगणाच्या वेशीवर, त्यामुळे तिथल्या पोरांची विटीदांडूची मोजणी तेलुगूच्या वळणाची : वकट, लेंड, मूंड, नाल... अशी सातापर्यंत. सातापुढे परत वकट. काका गोल्फचे फटकेही तसेच मोजतात. चेंडू झेंड्याखालच्या खळग्यात जायला बारा फटके लागले तरी काका गंभीरपणे जाहीर करतात, “पाच आणि वर आपलं एक राज्य.”

“काका, बारा झाले.”

“आमच्या खेळात बारा आकडाच नाही.”

एकदा विमनं हे सगळं नीट समजून घेतलं आणि पुढच्या रविवारी स्वतःही तसंच मोजलं. त्या दिवशी तो मैदानाच्या इतिहासातला सर्वात यशस्वी खेळाडू ठरला.

‘सांभाळ रे’चं मूळही देगलूरचं. लहानपणी कुणीतरी न ओरडता विटी मारली आणि ती यांच्या भुवईवर बसली. डोळा थोडक्यात वाचला. तेव्हापासून काका काहीही मारण्याआधी ओरडतात. भिंतीत खिळा मारतानाही ओरडतात, असं काकू सांगतात. “लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा तेवढे ओरडले नाहीत,” काकू म्हणतात. “तिथं खरं ओरडायला हवं होतं. मी सावध झाले असते.”

विमनं काकांना एका वाढदिवसाला सांबालची मोठी बरणी दिली, सुंदर कागदात गुंडाळून. काकांनी ती घेतली आणि तिथंच त्याला ळ शिकवायला बसले. काकांच्या पिशवीत नेहमी केळी असतात. केळं हवं असेल तर ‘केळं’ म्हणायचं, हा नियम. मैदानावरच्या अर्ध्या लोकांनी प्रयत्न केला आहे. जीभ टाळ्याला लावून मागे ओढताना त्यांचे चेहरे दंतवैद्याकडे बसल्यासारखे होतात. बेकरीवाला म्हणतो ‘केलं’. नर्सबाई म्हणतात ‘केरं’. विम ‘कं’ म्हणून थांबतो. काका सगळ्यांना केळं देतात, पण मान हलवून.

“ज्याला ळ येतो तो आपला,” ते मला म्हणायचे. “बाकीचे पाहुणे.”

“काका, इथं पाहुणे आपण आहोत.”

“ते खेमेंटेच्या कागदावर. ळ च्या बाबतीत नाही.”

काकांची मुलगी सई मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात शिकवते. तिला मी तोवर पाहिलं नव्हतं, पण तिचा आवाज ओळखीचा झाला होता, कारण रविवारी खेळताना काका फोन स्पीकरवर टाकून तिच्याशी बोलत चालायचे. काका मराठीत बोलायचे, सई डचमध्ये उत्तर द्यायची. त्यांनी विचारायचं, जेवलीस का, तिनं डचमध्ये सांगायचं, सूप केलंय. दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं आणि दोघं आपापल्या भाषेतून हलायचे नाहीत. एका गावाच्या दोन बाजूंनी दोन ओढे वाहावेत तसं ते बोलणं ऐकू यायचं. फोन ठेवला की काका टोपी नीट करून चेंडूकडे वळायचे. त्यानंतरचा त्यांचा फटका नेहमी चुकून चांगला जायचा.

नोव्हेंबरात मैदानावर जोडीचा सामना असतो. दोघांत एकच चेंडू, आळीपाळीनं मारायचा. काका दरवर्षी जोडीदाराच्या जागी सईचं नाव द्यायचे. दरवर्षी सई फोनवर म्हणायची, बघते. आणि दरवर्षी सामन्याच्या सकाळी तिच्या जागी मी उभा राहायचो.

“तू बदली भिडू,” काका बजावायचे. “ती आली की बाजूला व्हायचं.”

“होय काका.”

“‘बघते’ म्हणाली आहे. ‘नाही’ नाही म्हणाली.”

मला बदली असण्याचं वाईट वाटत नव्हतं. मी शाळेतही बदलीच असायचो, कबड्डीत, खो-खोत, संमेलनातल्या नाटकात. बदली माणसाला खेळ कडेवरून छान दिसतो.

सई का येत नाही, हे काकूंनी मला एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात सांगितलं. काकू विमच्या सांबालची मिसळ करत होत्या. त्यांना आता दुसऱ्या कशाची मिसळ आवडेनाशी झाली आहे.

“लहान होती तेव्हा रोज जायची त्यांच्याबरोबर,” काकू म्हणाल्या. “मैदान सपाट होतं, ती चेंडूच्या पुढे पळायची. हे बाकीच्यांना ‘रे’ म्हणायचे, हिच्यासाठी वेगळं. ‘सांभाळ गं!’ ती लगेच खाली बसायची, डोक्यावर हात घेऊन. किती हसायची.”

“मग?”

“मग मोठ्या शाळेत गेली. एकदा वर्गातल्या मुली आल्या होत्या मैदानावर. हे ओरडले. मुलींना ऐकू आलं सांबाल. दुसऱ्या दिवसापासून शाळेत हिचं नावच ते पडलं.” काकूंनी मिसळीवरचं झाकण काढून परत ठेवलं. “घरी येऊन यांना म्हणाली, डू नॉर्माल, पपा.”

डू नॉर्माल म्हणजे सगळ्यांसारखं साधं वाग. ऐकायला किरकोळ वाटतं. पण या देशात माणसाला याहून कडक बोलता येत नाही.

“त्या दिवशी बाबाचा पपा झाला. मैदानावर जाणं बंद, मराठी बंद. भांडण नाही, काही नाही. दिवाळीला येते, फराळ नेते, माझ्या पाया पडते. यांच्याशी हवापाण्याचं बोलते.” मग काकू नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “एवढे कोलणे कोलणे करतात ना? लेकीनं यांनाच कोललं.”

“काकांनी ओरडणं थांबवलं नाही?”

“थांबवलं होतं की. वर्षभर ‘फोर’ म्हणायचे, शहाण्यासारखे. मग परत सुरू केलं. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाले, सई कधी आलीच मैदानावर, तर एवढ्या झाडांत मी कुठे आहे ते तिला कसं कळणार?”

मी मिसळ खाल्ली. तिखट होती, त्यामुळे डोळ्यांना पाणी आलं ते खपून गेलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. सामन्याच्या आठवड्यात मी मैदानावरच्या कचेरीत गेलो, तर विमनं माझा हात जोरात हलवून अभिनंदन केलं. का, विचारलं. त्यानं भिंतीवर लावलेला जोड्यांचा कागद दाखवला. सोनटक्के, आणि शेजारी माझं नाव. सई नाही, पुढे बदली असा शेरा नाही. सरळ मी.

आयुष्यात मला ज्या थोड्या बढत्या मिळाल्या, त्यात ही एकच अशी की जिचा आनंद झाला नाही. मी सायकल काढली आणि घरी जायच्या ऐवजी काकूंकडे गेलो. काका बाहेर गेले होते.

“काकू, यंदा काकांनी माझं नाव दिलंय.”

काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं.

“पक्कं नाव?”

“पक्कं.”

“म्हणून यंदा फोनवर सामन्याचं बोलले नाहीत तिच्याशी,” काकू हळू म्हणाल्या. “मी विचारलं, तर म्हणे दरवर्षी पोरीला ‘बघते’ म्हणायला लावायचं, तिला त्रास. मला वाटलं सहज म्हणतायत.” त्यांनी गॅस बंद केला. तव्यावरची पोळी अर्धी कच्चीच राहिली. “तू जा आता,” त्या म्हणाल्या. “मला जरा काम आहे.”

सामन्याच्या सकाळी ऊन होतं. प्रत्येक जोडीनं वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन उभं राहायचं आणि विमनं भोंगा वाजवला की सगळ्यांनी एकदम सुरुवात करायची, अशी पद्धत. आमच्या वाट्याला चराजवळची पट्टी आली. जाताना काकांनी सशाच्या खड्ड्याला हात लावला. राज्य कोणाचं, हे विचारलं नाही. मी वाट पाहिली. मग मीच विचारलं, “राज्य कोणाचं, काका?”

“असेल कुणाचं तरी,” ते म्हणाले.

भोंगा वाजला. काकांनी पहिला फटका मारला, सवयीनं ओरडले, लांबून तीन-चार ठिकाणांहून ‘सांबाल! सांबाल!’ असे प्रतिसाद आले. चेंडू चराच्या अलीकडे पडला. आम्ही फळीच्या पुलाजवळ पोचतो तोच चरातून धुकं वर यायला लागलं. आधी पाण्यावर दुधाच्या सायीसारखं, मग गवतावर, मग आमच्या गुडघ्यांपर्यंत. बघता बघता समोरची झाडं गेली, झेंडा गेला, चराचा पलीकडचा काठ गेला. विमचा भोंगा परत वाजला, दोनदा. खेळ थांबला, जिथं आहात तिथंच राहा, असा त्याचा अर्थ.

पुलाशेजारी बाक आहे. आम्ही त्यावर बसलो. काकूंनी दिलेल्या थर्मासमधला चहा ओतला. सगळीकडे पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून आवाज येत होते, कुठून ते कळत नव्हतं. बदकांचे पंख. दूर गावातल्या चर्चच्या घंटा. आगगाडी. करमाळ्याला आमच्या घरामागे पहाटे धुणं आपटायचा आवाज यायचा, तसाही एक आवाज मला आल्यासारखा वाटला. धुक्यात बसलं की माणूस कुठल्या गावात बसलाय हे नक्की राहत नाही.

“हा चर खणला ना,” काका म्हणाले, “तेव्हा मला वाटायचं, आता मैदान पहिल्यासारखं झालं. पण ते शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांचं पहिल्यासारखं. माझं पहिल्यासारखं सपाट होतं, भिडू. त्यावर पळता यायचं.”

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

“बदली राहून कंटाळला असशील म्हणून यंदा तुला पक्का केला.”

“मी कंटाळलो नव्हतो, काका.”

“मग मी कंटाळलो असेन,” ते म्हणाले आणि कपातल्या चहाकडे बघत बसले.

पलीकडून धुक्यातून आवाज आला, “सांबाल!”

“विम,” काका म्हणाले. “आम्ही आहोत का बघतोय. ओरड त्याला.”

मी ओरडलो, “सांबाल!” डच पद्धतीनं. काकांनी मान हलवली, नापास केल्यासारखी.

थोडा वेळ गेला. मग दुसरा आवाज आला. बाईचा. जरा थांबून, जरा घाबरत, पुष्कळ दिवस न उघडलेलं दार ढकलावं तसा.

“सांभाळ रे!”

आम्ही दोघांनी एकदम डोकी झाकली. सवयच ती. चहा माझ्या मांडीवर सांडला. चेंडूची वाट पाहिली. चेंडू आला नाही. काका तसेच वाकलेले, डोक्यावर हात. मग त्यांनी हळूच एक हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

“ऐकलास?” ते कुजबुजले.

“काय?”

“ळ.”

कुणी फोन केला होता, काय बोलणं झालं होतं, हे मी नंतरही विचारलं नाही. त्या क्षणी मी फक्त काकांकडे पाहत होतो. ते उठले, पुलाच्या टोकाशी गेले. तोंडाभोवती दोन्ही हात धरले. इतक्या वर्षांत मी त्यांना हजारदा ओरडताना ऐकलं होतं, पण असं कधीच नाही.

“सांभाळ गं!” ते ओरडले. “पुढे चर आहे! तुझ्या वेळी नव्हता!”

मग पलीकडून उत्तर आलं.

“बाबा, मला काहीच दिसत नाहीये.”

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. मग गोल्फची काठी उलटी धरली आणि तिच्या मुठीनं पुलाच्या फळीवर ठोकायला लागले. टक्. थांबून परत टक्. गलीशेजारी दांडा आपटून राज्य घेणाऱ्याला बोलवावं, तसे. पलीकडच्या ओल्या गवतातून पावलं त्या आवाजाकडे यायला लागली होती.

मी बाकावरून उठलो. माझ्या जागी चहा सांडला होता. रुमालानं ती जागा कोरडी पुसली आणि मी कडेला जाऊन उभा राहिलो.